दोन लेगची मॅच आणि अवे गोल : बोटांवर धरायचे दोन आकडे

आधी आमची गोष्ट सांगतो, मग नियम. तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, आमची नाशिकच्या सिडकोतली फुटबॉल टीम, सेमीफायनल दोन लेगची, म्हणजे एक मॅच आपल्या ग्राउंडवर, एक त्यांच्या. पहिला लेग घरी, आमच्या मुरमाच्या ग्राउंडवर, आणि आम्ही २–१ ने जिंकलो. पोरं नाचली, तिथून सगळे तसेच घामेजलेले मिसळ खायला गेले, आणि रश्श्याच्या दुसऱ्या वाटीपर्यंत फायनलला कोणते बूट घालायचे यावर चर्चा चालू झाली होती. पुढच्या रविवारी नाशिकरोडला जाऊन ०–१ ने हरलो आणि स्पर्धेतून बाहेर. दोन्ही मॅच मिळून २–२, पण त्यांचा एक गोल आमच्या ग्राउंडवर झालेला होता आणि आमचा त्यांच्या ग्राउंडवर एकही नाही. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आमचा गोली ग्लोव्ह्ज घट्ट करत होता, त्याला वाटलं आता पेनल्टी आहेत, आणि समोर ती पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती.

ते अजून डोक्यातून जात नाही. नियम पत्रकात छापलेला होता, आम्ही वाचलेलाही होता, पण त्या नियमामुळे खेळायचं कसं हे पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. म्हणून हे लिहितोय. तुमच्या कॉलनीच्या, कॉलेजच्या, तालमीच्या स्पर्धेत दोन लेगची सेमी असेल आणि अवे गोलचा, म्हणजे समोरच्याच्या ग्राउंडवर मारलेल्या गोलचा, नियम असेल तर कॅप्टनने आणि साइडलाइनवर उभं राहणाऱ्याने हे मॅचच्या आधी वाचावं, नंतर नाही.

नियम नेमका काय

दोन मॅच, एक आपल्याकडे एक त्यांच्याकडे, दोन्हीचे गोल एकत्र करायचे, ज्याचे जास्त तो पुढे. बेरीज सारखी आली तरच, आणि तरच, बघायचं की समोरच्याच्या ग्राउंडवर कोणी जास्त गोल मारले.

"अवे गोल डबल धरतात" हे वाक्य डोक्यातून काढून टाका, अर्धा गोंधळ त्यानेच होतो. घरी १–० जिंकलात आणि तिकडे १–३ हरलात, तर "आपला अवे गोल डबल, म्हणजे ३–३" असं काही नसतं, बेरीज २–३ आहे, तुम्ही बाहेर आहात. बरोबरी झाल्याशिवाय अवे गोलला काहीच किंमत नाही. पण बरोबरी झाली की तोच सगळं ठरवतो, त्यापुढे चर्चा नाही.

हा नियम आला कुठून हे माहीत असलं की त्याचा स्वभाव कळतो. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, तो १९६५ मध्ये कप विनर्स कप या क्लबांच्या स्पर्धेत आणला. तेव्हा दुसऱ्या देशात जाऊन खेळणं फार जिकिरीचं होतं, प्रवास लांबचा, ग्राउंड अनोळखी, त्यामुळे पाहुणी टीम तिकडे जाऊन फक्त बचाव करायची. बरोबरी झाली की तिसरी मॅच, आणि तीही बरोबरीत सुटली की टॉस. खरंच टॉस. १९६५ लाच युरोपियन कपच्या क्वार्टर फायनलमध्ये लिव्हरपूल आणि कोलोन तीन मॅच खेळून बरोबरीत राहिले आणि लिव्हरपूल टॉसवर सेमीला गेलं. म्हणजे पाहुण्यांनी अटॅक करावा म्हणून हे बक्षीस ठेवलं होतं. झालं काय तर काही वर्षांत यजमानच घाबरायला लागले की घरी गोल खायचा नाही, आणि आपल्याला विचार करायचाय तो याच भीतीचा.

दोन आकडे

माझी सगळी पद्धत एवढीच आहे. मॅच चालू असताना कुठल्याही मिनिटाला टीमला दोन आकडे माहीत पाहिजेत. पहिला, आत्ता आहे या स्कोअरवरून पुढे जायला आपल्याला किती गोल हवेत. दुसरा, त्यांनी पुढचा गोल मारला तर किती हवेत. बस. स्कोअर विसरलात तरी चालेल, हे दोन विसरायचे नाहीत.

आमच्याकडे साइडलाइनवर एक जण फक्त याच कामाला उभा असतो. उजव्या हाताची बोटं म्हणजे आत्ता किती, डाव्या हाताची म्हणजे त्यांनी मारला तर किती, मूठ म्हणजे शून्य. कॅप्टन दर थांब्याला तिकडे बघतो. सुरुवातीला पोरं हसली, आता बोटं दिसली नाहीत तर "दादा, हात दाखवा ना" म्हणून ओरडतात.

दुसरा आकडा इतका महत्त्वाचा का, तर २०१७ ची बार्सिलोना–पीएसजी घ्या, नाशिकमध्ये त्या रात्री जागलेले पुष्कळ जण आहेत. पॅरिसमध्ये पीएसजी ४–०. परतीच्या मॅचला बार्सिलोनाने ५० व्या मिनिटापर्यंत ३–० केलं. आता एक गोल मारला की बरोबरी आणि एक्स्ट्रा टाइम, दोन मारले की थेट पुढे. ६२ व्या मिनिटाला पीएसजीच्या कवानीने मारला, ३–१. आता किती हवेत? बेरीज ३–५. दोन मारून ५–५ केलं तरी कवानीचा अवे गोल आहे, म्हणजे बाहेर. तीन हवेत, आणि एक्स्ट्रा टाइम नावाची गोष्टच शिल्लक नाही. एका गोलने एक्स्ट्रा टाइमची पायरीच उडाली. त्यांनी ते तीन मारले हे खरं, नेमारने ८८ व्या मिनिटाला फ्री किकवर, मग पेनल्टीवर, आणि ९५ व्या मिनिटाला सर्जी रोबर्टोने, ६–१, पण तो चमत्कार होता आणि चमत्कारावर प्लॅन करता येत नाही. शिकायचं ते कवानीच्या गोलकडून. यजमान पाठलाग करत असताना पाहुण्याचा एक गोल त्यांचं काम किती वाढवतो ते बघा.

पहिला लेग घरी असेल तर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आमचीही इथलीच होती, म्हणून इथे जरा थांबतो.

घरी खेळताना पोरांना वाटतं की आज जास्तीत जास्त मारून घ्यायचे, तिकडचं तिकडे बघू. चूक नाही, पण मारताना खायचा नाही हे त्याच्याइतकंच मोठं काम आहे. १–० आणि २–१ दोन्हीत तुम्ही एकाच गोलने पुढे आहात, पण पुढच्या रविवारी फरक बघा. १–० घेऊन गेलात आणि तिकडे एक मारला तर त्यांना तीन मारावे लागतात, कारण दोन मारून बेरीज २–२ झाली तरी तुमचा अवे गोल आहे. २–१ घेऊन गेलात तर त्यांना फक्त १–० पुरे, म्हणजे एक कॉर्नर, एक घसरलेला डिफेंडर, संपलं. तसंच २–० आणि ३–१ चं. ३–१ कागदावर भारी दिसतं, पण तिकडे ०–२ झालं की तुम्ही बाहेर, आणि तेच २–० घेऊन गेला असतात तर ०–२ वर निदान पेनल्टी तरी होत्या.

आणि ०–० ला रडू नका. घरी ०–० झालं की सगळे चेहरे पाडून बसतात, पण हिशोब करा, तिकडे १–१, २–२, कुठलीही गोलवाली बरोबरी तुम्हाला पुढे नेते. ०–० सोडलं तर यजमानाला जिंकावंच लागतं. १–१ मात्र खरंच वाईट, कारण मग तिकडे ०–० झालं तरी तुम्ही बाहेर, म्हणजे त्यांना काहीच न करता बसता येतं.

आता ग्राउंडवर काय करायचं. दोन्ही साइड बॅक (कडेचे डिफेंडर) एकाच वेळी वर सोडू नका, एक गेला की दुसऱ्याने थांबायचं, याचा सराव आधी घ्या कारण जोशात कोणी ऐकत नाही. आपला कॉर्नर असताना मागे तीन जण, त्यातला एक टीममधला सगळ्यात वेगवान पोरगा, मग तो हेडर कितीही चांगला मारत असला तरी. आमच्यासारख्या मुरमाच्या ग्राउंडवर लांब मारलेला बॉल टप्पा घेऊन उंच उडतो आणि शेवटचा डिफेंडर फसतो, पाहुण्यांचे अर्धे गोल असेच होतात, तर डिफेंडरला सांगा टप्प्याच्या आधी बॉलवर जा किंवा दोन पावलं मागे थांब, मधे कुठेतरी अडकू नकोस. बॉक्सच्या आसपास फाउल नको. आणि १–० असताना शेवटची आठ-दहा मिनिटं दुसऱ्या गोलमागे अख्खी टीम पळवायची नाही. आमचा २–१ असाच झाला होता बरं का. २–० ला होतो, तिसरा मारायला सात जण वर, आणि तो एक लांब बॉल.

पण याचं दुसरं टोक पण सांगतो, कारण ते मी त्याच्या पुढच्या वर्षी केलं. घरी गोल खायचा नाही हे पोरांच्या डोक्यात इतकं भरलं की पहिला अर्धा तास कोणी सेंटर लाइन ओलांडेना. मॅच ३०-३० मिनिटांची, त्यातली ३० मिनिटं अशी घालवली. युएफाने पुढे हा नियम रद्द केला तेव्हा त्यांचे अध्यक्ष चेफेरिन यांनी हेच कारण दिलं होतं, की पाहुण्यांनी अटॅक करावा म्हणून आणलेला नियम आता यजमानांनाच, खास करून पहिल्या लेगला, अटॅक करण्यापासून अडवतोय. घरचं ग्राउंड, घरचा टप्पा, घरची माणसं, हे तुम्हाला एकदाच मिळतं. अटॅक करा, फक्त मागचे तीन जण मागेच ठेवून करा.

पहिला लेग बाहेर असेल तर

एकच गोल. एवढंच लक्ष्य. जिंकलो तर सोनंच, पण पोरांना सांगायचं की आपण एक गोल आणायला चाललोय.

पहिली १५ मिनिटं शांत राहायचं, यजमानांचा जोश तेव्हाच असतो, बॉल आपल्याकडे ठेवायचा, नाही जमलं तर बाहेर मारायचा. गोल येणार तो बहुतेक काउंटरवर (त्यांचा अटॅक तुटला की लगेच उलटा अटॅक) नाहीतर फ्री किक-कॉर्नरवर, म्हणून तुमचा चांगला किक मारणारा आणि तुमचा वेगवान फॉरवर्ड दोघेही पहिल्यापासून हवेत, त्यांना राखून ठेवण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न येतो शेवटच्या पाच मिनिटांत. ०–१ ने मागे आहात, काय करायचं? बरेच कॅप्टन म्हणतात, एकच आहे ना, सांभाळू, घरी बघू. माझं मत उलटं आहे. ०–१ घेऊन घरी आलात तर १–० ने पेनल्टी, आणि २–१ जिंकूनही तुम्ही बाहेर. तोच एक गोल मारून १–१ केलात तर घरी ०–० पुरतं. १–१ मधून मिळणारं इतकं जास्त आहे की ०–२ ची रिस्क घ्यायला हरकत नाही, निदान कॉर्नर-फ्री किकला तरी सगळी उंच पोरं वर पाठवा. आणि १–२ ने मागे असाल तर? तेव्हा मात्र सांभाळा. एक गोल खिशात आहे, घरी १–० ने काम होतं, तिसरा खाल्ला तर घरी २–० लागेल.

गेल्या वर्षी आम्ही असेच १–२ हरून परत येत होतो, टेम्पोत सगळे गप्प. मी सांगितलं, रविवारी एकच मारायचाय रे, एकच. टेम्पोतला एक जण बोटांवर मोजायला लागला, मग दुसरा, द्वारकेपर्यंत येईस्तोवर आवाज परत सुरू. रविवारी १–० झालं, पुढे गेलो.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर २०१६ च्या एएफसी कपची, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेची, सेमी. बेंगळुरू एफसी मलेशियाला जाऊन जोहोरशी १–१ खेळून आली. परत बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर जोहोरने आधी मारला, ०–१. अवे गोल खिशात नसता तर तिथेच पाय गळाले असते, पण आता दोघांचाही एकेक अवे गोल, एक मारला की पुन्हा बरोबरी. छेत्रीने दोन मारले, मग अजून एक, ३–१, आणि एएफसी कपच्या फायनलला जाणारा तो पहिला भारतीय क्लब झाला.

दुसरा लेग

घरी असाल आणि पुढे असाल, तरी स्वतःला पुढे समजू नका, डावा हात बघा. समजा पहिला लेग ०–०, आज घरी तुम्ही १–० ने पुढे. उजवी मूठ, काहीच नको. डाव्या हातावर एक बोट. त्यांनी मारला की १–१ आणि तुम्ही सरळ बाहेर, मधे पेनल्टीसुद्धा नाही. एका सेकंदात आतून बाहेर. म्हणून अशा वेळी १–० सांभाळत बसणं हे सगळ्यात धोक्याचं, दुसरा मारायला जायलाच पाहिजे, कारण २–० झालं की त्यांच्या एका गोलने काही होत नाही.

ॲमस्टरडॅमला २०१९ मध्ये नेमकं हेच झालं. अयाक्सने लंडनला टॉटनहॅमशी १–० जिंकलेलं, घरी हाफ टाइमला २–०, बेरीज ३–०. टॉटनहॅमला तीन हवेत, पण तीनच हवेत, कारण तिन्ही अवे असणार. लुकास मोउराने ५५ आणि ५९ व्या मिनिटाला दोन मारले. आता अयाक्स बेरजेत ३–२ ने पुढे आहे, पण खरं म्हणजे एका गोलवर टांगलेलं आहे, आणि त्या गोलनंतर एक्स्ट्रा टाइमही नाही. ९६ वं मिनिट, मोउराचा तिसरा, ३–३, अयाक्स जमिनीवर पडलेलं. मी ती मॅच पहाटे अडीचपर्यंत बघितली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो, मे महिना, नाशिकची ती पहाटेची गार हवा, आणि डोक्यात एकच, की ३–२ ला पुढे असणं आणि सुरक्षित असणं या किती वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑस्ट्रेलियाचंही तेच, १९९७, वर्ल्ड कपला जायची शेवटची जागा. तेहरानला १–१, मेलबर्नला ऑस्ट्रेलिया २–० ने पुढे, आणि शेवटच्या वीस मिनिटांत इराणने दोन मारले. दोन्ही मॅच बरोबरीत, बेरीज ३–३, ऑस्ट्रेलिया एकही मॅच न हरता बाहेर, इराण फ्रान्सला.

बाहेर असाल आणि पुढे असाल तर आमची चूक करू नका. २–१ घेऊन गेलो आणि पहिल्या मिनिटापासून बॉक्समध्ये अकरा जण. त्यांना एकच हवा होता आणि आम्ही त्यांना तो मारायला अख्खी मॅच दिली. जायला हवं होतं एक मारायला, कारण आमचा एक झाला असता तर त्यांना बरोबरीलाच दोन लागले असते. आघाडी घेऊन बाहेर गेलात तर पहिला गोल मारायचा प्रयत्न करा, सगळं बळ पहिल्या हाफला लावा. गोल झाला की मग बसा हवं तर.

मागे असाल, घरी किंवा बाहेर, तर घाई कधी करायची हेही दोन आकड्यांवरून ठरतं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा दोनने मोठा होत असेल, म्हणजे आत्ता एक पुरेल पण त्यांनी मारला तर तीन लागतील, तर शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत मागचे तीन जण वर सोडू नका. आणि दुसरा आकडा फारसा बदलत नसेल तर आधीपासूनच जोर लावा, वाट कसली बघायची.

एक्स्ट्रा टाइम, आणि आयोजकांना विचारायचे प्रश्न

स्पर्धेचा ड्रॉ निघाला, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते ठरलं, की लगेच आयोजकांकडे जा आणि विचारा. बरोबरी आणि अवे गोलही सारखे, मग एक्स्ट्रा टाइम आहे का थेट पेनल्टी? आपल्याकडे बहुतेक थेट पेनल्टी असतात, ग्राउंड पुढच्या मॅचला द्यायचं असतं. एक्स्ट्रा टाइम असेल तर त्यातला गोल अवे धरणार का? युएफा धरायचं, आणि त्यामुळे दुसऱ्या लेगच्या पाहुण्याला अवे गोल मारायला अर्धा तास जास्तीचा मिळायचा. २०२१ ला पोर्तोने युव्हेंटसला असंच बाहेर काढलं, घरी २–१, ट्यूरिनला एक्स्ट्रा टाइममध्ये सर्जियो ऑलिव्हेराची फ्री किक, मॅच ३–२ ने हरले, बेरीज ४–४, पोर्तो पुढे. कॉन्ककॅफच्या (उत्तर आणि मध्य अमेरिकेची संघटना) चॅम्पियन्स कपमध्ये मात्र एक्स्ट्रा टाइममधला गोल तसा धरत नाहीत. म्हणजे मोठ्या स्पर्धांमध्येही एकवाक्यता नाही, तर आपल्या स्पर्धेत रेफ्रींना आयत्या वेळी वेगळं वाटणं अगदी शक्य आहे.

रेफ्री चुकू शकतात हे मी हवेत बोलत नाही. १९७१ ला रेंजर्स आणि स्पोर्टिंग लिस्बन, एक्स्ट्रा टाइम धरून बेरीज ६–६, रेंजर्सचे अवे गोल जास्त, तरी रेफ्रींनी पेनल्टी लावल्या आणि स्पोर्टिंग जिंकलं. मग रेंजर्सने नियम दाखवला, निकाल फिरला, आणि पुढे त्या मोसमाचा कप विनर्स कप रेंजर्सनेच जिंकला. नियम लेखी घ्या, फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाका, प्रिंट खिशात ठेवा, आणि वाद घालायची वेळ आली तर कॅप्टन एकटाच बोलेल, शांतपणे.

अजून एक, दोन्ही लेग एकाच ग्राउंडवर असतील तर "अवे" कोण हे आधी ठरवून घ्या. २००३ ला मिलान आणि इंटरची सेमी दोन्ही वेळा सान सिरोवरच झाली, दोघांचं घर एकच, ०–० आणि १–१, आणि कागदावर दुसऱ्या लेगला पाहुणं होतं म्हणून मिलान पुढे गेलं. कोविडच्या वेळी लायप्झिग आणि लिव्हरपूल दोन्ही लेग बुडापेस्टला खेळले, तरी नियम लागूच होता. माझं म्हणणं असं की एकाच ग्राउंडवर खेळवायचं असेल तर आयोजकांनी हा नियम ठेवूच नये, त्या नियमामागचं कारणच तिथे उरत नाही.

आणि ग्राउंड खरंच वेगळं असेल तर त्या वेगळेपणाची तयारी करा. नाशिकरोडकडचं ते ग्राउंड गवताचं, एका बाजूला उतार, डिसेंबरात सकाळी दव, आणि आमची पोरं मुरमावरच्या घासलेल्या बुटांनी घसरत होती. एक दिवस आधी जाऊन चालून या. सिडकोतून निघताना द्वारकेला अडकलात तर वॉर्मअप गेला म्हणून समजा, आम्ही आता वडाळ्याकडून जातो आणि किकऑफच्या दीड तास आधी निघतो. बाहेरच्या लेगला पहिल्या दहा मिनिटांत खाल्लेले गोल बऱ्याचदा टेम्पोतच खाल्लेले असतात.

टीव्हीवर आता वेगळं दिसेल

२०२१–२२ पासून युएफाने नियम काढून टाकला, बरोबरी झाली की १५-१५ मिनिटं एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टी. त्यांनी आकडे दिले होते, सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आतापर्यंत घरच्या टीमचे विजय ६१ टक्क्यांवरून ४७ वर आले आणि पाहुण्यांचे १९ वरून ३० वर गेले, म्हणजे बाहेर खेळणं पूर्वीइतकं अवघड राहिलं नाही. दक्षिण अमेरिकेनेही २०२२ पासून काढला, आशियात २०२३–२४ पासून नाही. आफ्रिकेत २०२३ लाही होता, तिथल्या चॅम्पियन्स लीगच्या सेमीत वायदादने सनडाउन्सला ०–० आणि २–२ करून बाहेर काढलं.

त्यामुळे टीव्हीवर बघून कॉपी करू नका. २०२२ ची रियल माद्रिद–मँचेस्टर सिटी सेमी आठवा, मँचेस्टरला सिटी ४–३, माद्रिदला रॉड्रिगोने ९० व्या आणि ९१ व्या मिनिटाला मारून ५–५ केलं आणि मग एक्स्ट्रा टाइममध्ये बेन्झेमाच्या पेनल्टीवर ६–५. जुना नियम असता तर एक्स्ट्रा टाइम झालाच नसता, रियलचे तीन अवे गोल विरुद्ध सिटीचा एक, ९१ व्या मिनिटालाच निकाल. आणि सिटीला हे माहीत असतं तर ते शेवटची वीस मिनिटं वेगळं खेळले असते. आजकालच्या मॅचमध्ये यजमान पहिल्या लेगला बिनधास्त वर जातात कारण त्यांना २–१ आणि १–० सारखेच. तुमच्या स्पर्धेत ते सारखे नाहीत.

या रविवारची चिठ्ठी

आमचा पहिला लेग गेल्या रविवारी घरी ०–० सुटला. परवा बाहेर आहे. गोली, कॅप्टन आणि साइडलाइनवाला, तिघांच्या मोज्यात एकेक चिठ्ठी असणार आहे, ती इथे तशीच देतो, तुमच्या स्कोअरप्रमाणे बदलून घ्या.

०–० राहिलं तर थेट पेनल्टी, म्हणून आपला पेनल्टीवाला शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर काढायचा नाही, आणि एक बदली खेळाडू राखून ठेवायचा.

त्यांनी आधी मारला तर आपल्याला एकच हवा, १–१ ला आपण पुढे, कोणी घाबरून ओरडायचं नाही, बॉल उचलून सेंटरला ठेवायचा.

आपण आधी मारला तर त्यांना दोन हवेत, उतरणीच्या बाजूचा साइड बॅक वर जाणार नाही.

आपण दोन मारले तर त्यांना तीन.

२–२ पण आपलीच.

टेम्पो सकाळी साडेसहाला पवन नगरच्या कोपऱ्यावरून, वडाळ्याकडून.